मराठी वेबपानाचे प्रूफ

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. तिच्या शीर्षकपानावर छापखान्याचे नाव आहे ‘बॉम्बे एज्युकेशन सोसायटीज प्रेस’. हा छापखाना भायखळ्याचा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत छापलेली पुस्तके चाळणाऱ्याला ‘एज्युकेशन सोसायटीज प्रेस, भायखळा’ हा पत्ता वारंवार भेटतो. कोश छापणे म्हणजे छापखान्याची परीक्षाच. एकाच ओळीत देवनागरी शब्द आणि रोमन लिपीतला अर्थ, त्यात जोडाक्षरांचे आणि काना-मात्रांचे असंख्य खिळे. जुळाऱ्याने जुळवलेला मजकूर प्रूफ काढून वाचल्याशिवाय यंत्रावर चढवायचा नाही, हा छापखान्याच्या धंद्यातला शिरस्ता. त्यातूनही चूक निसटली तर पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडायचे.

तोच कोश आज शिकागो विद्यापीठाने केलेल्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात इंटरनेटवर शोधता येतो. सोबत दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही आहे. मराठी मजकूर कागदावरून पडद्यावर आला याचा आनंदच आहे. पण येताना प्रुफाचा शिरस्ता मागे राहिला. शाळा, वाचनालये, गणेशोत्सव मंडळे, पतपेढ्या, दवाखाने, सरकारी कार्यालये यांची मराठी पाने रोज इंटरनेटवर चढतात. ती तपासून चढवली आहेत असे पाहिल्यावर वाटत नाही. शुद्धलेखनावर हिरिरीने भांडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मजकुराच्या खाली जी रचना असते तिच्याकडे पाहणारे कमी. आणि ही तपासणी करणारी साधने तर फुकट मिळतात, त्यांचा आतला कोड सर्वांना खुला असतो, आणि ती घरच्या संगणकावर चालतात.

वेबपान म्हणजे साधा मजकूर आणि त्यात पेरलेल्या खुणा. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे चित्र, हा दुवा. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते १९९१ या काळात वेबचा पाया घातला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याचे सॉफ्टवेअर कोणतेही शुल्क न लावता सगळ्यांसाठी खुले केले. वेबचा स्वभाव असा पहिल्यापासून उघडा आहे. संगणकावर कोणतेही पान उघडून कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबा, त्या पानाच्या खुणा समोर येतात. इतरांची पाने अशी उघडून पाहत कित्येकजण हे काम शिकले.

ब्राउझर मात्र फार सांभाळून घेणारा असतो. बंद करायची राहिलेली खूण तो स्वतःच बंद करतो, भलत्या जागी पडलेली योग्य जागी नेऊन ठेवतो. या दुरुस्त्या कशा करायच्या याचे नियमसुद्धा एचटीएमएलच्या प्रमाणकात लिहिलेले आहेत. त्यामुळे पान पडद्यावर ठीकठाक दिसते आणि करणाऱ्याला वाटते, काम झाले. कुणी शीर्षकाची खूण न लावता नुसती अक्षरे मोठी आणि ठळक करतो. डोळ्यांना ते शीर्षक वाटते, पण शोधयंत्राच्या आणि दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या लेखी तो एक साधा परिच्छेद असतो. दिसण्यावरून ही चूक कधीच सापडायची नाही. त्यासाठी खुणा वाचणारा तपासनीस हवा.

असा तपासनीस फार पूर्वीपासून आहे. वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९७ मध्ये एचटीएमएल तपासण्याची मोफत सेवा सुरू केली. त्याच सुमारास डेव्ह रॅगेट यांनी ‘टायडी’ लिहिला. तो चूक दाखवून थांबत नाही, विस्कटलेल्या खुणा नीट लावूनही देतो. आज जो सर्वांत उपयोगी आहे तो ‘नू एचटीएमएल चेकर’. फिनलंडच्या हेन्री सिव्होनेन यांच्या कामातून तो उभा राहिला आणि आजही त्याचा सगळा कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वापरता येतो. तो इंटरनेटवर जसा चालतो तसाच उतरवून घेऊन स्वतःच्या संगणकावरही चालतो. मला ही दुसरी सोय मोलाची वाटते. शाळेच्या प्रवेशयादीत मुलांची नावे असतात, दवाखान्याच्या पानावर रुग्णांची. असे पान प्रसिद्ध होण्याआधी तपासायचे तर ते बाहेरच्या कुणाच्या यंत्रावर पाठवण्याचे कारण नाही.

मराठी पान या चेकरपुढे ठेवले की अनेकदा पहिलीच सूचना येते ती भाषेची. एचटीएमएलच्या सर्वांत वरच्या खुणेत ‘लँग’ नावाचा एक गुणधर्म लिहायचा असतो. इंग्रजी पानासाठी त्यात ‘ई-एन’ ही दोन अक्षरे, हिंदीसाठी ‘एच-आय’, मराठीसाठी ‘एम-आर’. परदेशात बनवलेले तयार साचे आपण उचलतो, त्यात ‘ई-एन’ आधीच लिहिलेले असते, आणि ते तसेच राहून जाते. पान अथपासून इतिपर्यंत मराठी, आणि त्याची नोंद मात्र इंग्रजी. ही नोंद अजिबात नसली तर चेकर टोकतो. मजकुरावरून भाषा ओळखून, नोंद आणि मजकूर जुळत नाहीत असेही तो सांगतो.

दोन अक्षरांनी काय एवढे बिघडते? पुष्कळ बिघडते. स्क्रीन रीडर ही नोंद पाहून कोणत्या भाषेचा आवाज लावायचा ते ठरवतो. नोंद इंग्रजीची असेल तर तो मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो. मग एकेक अक्षर वेडेवाकडे वाचले जाते किंवा शब्दच्या शब्द गाळले जातात. भाषांतर करणारे ब्राउझरही ही नोंद पाहतात. आणि एक गोष्ट तर आपल्या अगदी जिव्हाळ्याची आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली आणि १० नोव्हेंबर २०२२ ला तिची सुधारित आवृत्ती काढली. ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त लिहावा, हा आग्रह त्यामागे आहे. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणकात, मराठी ल आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच. कोणते वळण दाखवायचे हे फॉन्ट ठरवतो. काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणे भरलेली असतात आणि पान मराठीचे आहे असे कळले की तो फॉन्ट आपणहून मराठी वळण काढतो. कळते कशावरून? त्याच ‘एम-आर’वरून. वळणांबद्दल शासनाने दोन निर्णय काढले. ते पडद्यावर उतरायला पानाच्या माथ्यावरची ही दोन अक्षरे लागतात.

आता आणखी जवळ जाऊन एक शब्द पाहू: ‘दऱ्या’. यातला अर्धा र, जो आपण रफारासारखा न काढता आडवा, वळणदार काढतो, तो मराठीची खास खूण आहे. हा र संगणकावर एकापेक्षा अधिक रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत नुक्ता (खालचा ठिपका) असलेला ऱ हा स्वतंत्र वर्ण वापरून पुढे हलन्त आणि य. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, मग एक न दिसणारे जोडचिन्ह, आणि य. तिसऱ्यात साधा र, सुटा नुक्ता, हलन्त, य. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगवेगळे शब्द आहेत. वाचनालयाच्या ग्रंथसूचीत एका कर्मचाऱ्याने पहिल्या रीतीने ‘दऱ्या’ लिहिले आणि वाचकाने दुसऱ्या रीतीने शोधले, तर पुस्तक कपाटात असूनही सूची सांगणार, नाही. तिसऱ्या रीतीबद्दल नू चेकर इशारा देतो, कारण युनिकोडच्या प्रमाण रूपात सुटा नुक्ता पहिल्या रीतीच्या ऱ मध्ये मिसळायला हवा असतो. पण पहिल्या आणि दुसऱ्या रीतीत युनिकोड नाते जोडत नाही, त्यामुळे तिथे चेकर गप्प बसतो. ती सांगड आपल्यालाच घालावी लागते. पायथन या खुल्या भाषेत चार ओळींचा प्रोग्राम लिहून सगळ्या पानांतली दुसरी रीत पहिलीत बदलता येते. महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमेल असे ते काम आहे.

ॲ या अक्षराची गोष्टही अशीच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी अ लिहून त्यावर अर्धचंद्र ठेवायची वहिवाट होती आणि जुन्या पानांत, जुन्या कीबोर्डांत ती अजून आहे. आजच्या ब्राउझरांत अशा शब्दात अ आणि चंद्र यांच्यामध्ये ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटलेले दिसू शकते. हे काम ‘हार्फबझ’चे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत अक्षरे एकमेकांना जोडण्याचे काम करणारा हा खुला प्रोग्राम आहे. आपली जोडाक्षरे पडद्यावर नीट जुळतात ती बव्हंशी त्याच्यामुळे. युनिकोडच्या नियमात न बसणारी जुळणी आली की तो वर्तुळ टाकून दाखवून देतो. वर्तुळ दिसले की समजावे, इथे जुन्या रीतीचा ॲ आहे. तो पुसून नवा टंकावा.

काही दोष मात्र आज कोणतेही यंत्र पकडत नाही. इंग्रजी साच्यात शीर्षकांची अक्षरे सुटी सुटी दिसावीत म्हणून त्यांच्यात जादा जागा सोडलेली असते. रोमन लिपीला ते शोभते. तोच साचा मराठीला लावला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. नियमाने पाहिले तर यात चूक काहीच नाही, म्हणून तपासनीस पान पास करतो. ओळींमधले अंतरही इंग्रजीच्या मापाने ठेवलेले असते. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. इथे माणसाचेच डोळे लागतात, आणि तेही मराठी वाचणारे. साच्याच्या सजावटीच्या फायलीत अक्षरांमधली जादा जागा शून्य करणे आणि ओळींचे अंतर थोडे वाढवणे, एवढाच त्यावर उपाय.

पण मला सर्वांत जास्त टोचते ते चित्रांच्या रूपातले मराठी. प्रवेशाची सूचना, पाणी बंद असल्याची सूचना, परीक्षेचे वेळापत्रक, आरोग्य शिबिराची वेळ, सगळे एका रंगीत चित्रात बसवायचे आणि ते चित्र पानावर डकवायचे, ही आपली सवय झाली आहे. अशा चित्रातला मजकूर शोधून सापडत नाही. मोबाइलवर तो मोठा केला की कडेने बाहेर जातो. दृष्टिहीन वाचकाला तर तिथे काही आहे एवढेही नीट कळत नाही. मुंबईत हा प्रश्न अमूर्त नाही. ताडदेवला दृष्टिहीनांसाठीची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ पासून आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र चालते. तिथे शिकलेली मुले-माणसे संगणक वापरतात, नोकऱ्या करतात, आणि हीच पाने उघडतात.

त्यांच्यासाठी खुल्या सॉफ्टवेअरने केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी तो लिहिला. २००६ मध्ये सुरुवात झाली, तेव्हा विंडोजवर चालणारे चांगले स्क्रीन रीडर इतके महाग होते की सामान्य माणसाला परवडत नसत. एनव्हीडीए फुकट आहे आणि त्याच्याबरोबर येणारा ‘ईस्पीक एनजी’ हा खुला वाचक-आवाज मराठीही बोलतो. आवाज यांत्रिक आहे, पण समजतो. डोळस माणसानेही एनव्हीडीए एकदा उतरवून घ्यावा, पडदा बंद करावा आणि आपल्या संस्थेचे पान ऐकावे. लांबलचक अहवाल वाचून जे पटत नाही ते त्याने पटते.

दृष्टिहीनांना अडवणाऱ्या दोषांची यंत्राने तपासणी करणारी साधनेही आहेत. डीक्यू या कंपनीने खुले केलेले ‘ॲक्स’, गूगलने खुले केलेले ‘लाइटहाउस’, आणि फायरफॉक्सच्या आतच असलेला सुलभता-निरीक्षक. चित्राला पर्यायी मजकूर (ऐकून कळावे म्हणून लिहिलेले वर्णन) नाही, बटणाला नाव नाही, रकान्याला मथळा नाही, हे ती क्षणात सांगतात. रंगांचेही गणित करतात. वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे साध्या मजकुराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे लागते. राष्ट्रध्वजाच्या केशरी रंगासाठी वेबवर सर्रास जी छटा वापरतात, ती पांढऱ्यावर ठेवली तर हे गुणोत्तर जेमतेम २.१ भरते. मंडळांच्या पानांवर केशरी अक्षरांत छापलेली कार्यक्रमपत्रिका वयस्क माणसाला उन्हात मोबाइलवर का वाचता येत नाही, त्याचे कारण या आकड्यात आहे. केशरी पट्टा ठेवावा, अक्षरे गडद किरमिजी करावीत. पांढऱ्यावर ते गुणोत्तर अकराच्या आसपास जाते आणि उत्सवाचा रंगही राखला जातो.

ही साधने किती विश्वासाची, तर अर्ध्यावर. चित्राला ‘चित्र १’ असे नाव दिले तरी ती समाधानी होतात, कारण नाव आहे. ते नाव उपयोगाचे आहे का, हे त्यांना कळत नाही. नियमांची वानवा नाही. केंद्र सरकारने २००९ मध्ये शासकीय वेबसाइटांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली; दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. कागदावर सगळे आहे. पण यंत्राचा हिरवा शेरा मिळाला की काम संपले असे मानले, तर कागदावरचे कागदावरच राहते.

पाने बनवण्याच्या बाजूला आता फार अडचण नाही. मजकूर लिहायला नोटपॅड प्लस प्लस किंवा जीनी, बदलांची नोंद ठेवायला गिट, साध्या फायलींतून आख्खी साइट तयार करायला ह्यूगो, आणि हे काही नको असेल तर वर्डप्रेस, ज्यावर जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइटी चालतात आणि ज्याचे मराठी रूप स्वयंसेवकांनी केले आहे. फॉन्टांची चणचणही सरली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट खुल्या परवान्यावर आहेत. रेड हॅट कंपनीने खुला केलेला लोहित बरीच वर्षे पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळला. शुद्धलेखन तपासणारा हनस्पेल मुळात हंगेरियन भाषेसाठी लिहिला गेला, आणि ते आपल्या पथ्यावर पडले. हंगेरियनमध्येही मराठीप्रमाणे शब्दाला प्रत्ययांची शेपटे लागत जातात. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा शब्द कोणत्या कोशात सापडणार? तो मूळ शब्द आणि प्रत्ययांचे नियम यांतूनच ओळखावा लागतो, आणि हनस्पेलची बांधणी तशीच आहे. त्याचा मराठी शब्दसंग्रह अजून अपुरा आहे. पण तो खुला असल्यामुळे त्यात भर घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

इथेच खुल्या कोडचे खरे महत्त्व आहे. मराठीचा ग्राहकवर्ग लहान, म्हणून मोठी कंपनी ऱ्य साठी वेगळा तपास लिहील याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. खुल्या साधनात तो आपण लिहू शकतो. मुंबईत याची परंपरा आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेली आणि सुरुवातीची दशके भायखळ्यात असलेली व्हीजेटीआय ही संस्था १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. तिथे शिकवणाऱ्या जितेंद्र शहा यांनी ‘इंडिकट्रान्स’ हा गट बांधला आणि लिनक्ससारखे मुक्त सॉफ्टवेअर भारतीय भाषांत यावे म्हणून काम केले. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजात उपलब्ध केले आहेत. भायखळ्यात आजही साबू सिद्दीक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या आणि शहरातल्या अशा सगळ्या महाविद्यालयांतल्या मुलांना दर वर्षी प्रकल्पासाठी विषय हवा असतो. ऱ्य च्या तीन रीती ओळखणारा, तुटलेली शिरोरेषा पकडणारा, जुना ॲ दाखवून देणारा तपास कुणी लिहून नू चेकरच्या जोडीला खुला केला, तर तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेला आणि ग्रामपंचायतीला उपयोगी पडेल. परीक्षा झाल्यावर कपाटात जाणाऱ्या प्रकल्पापेक्षा हे केव्हाही बरे.

तोवर वाचकांनी एक काम करावे. आपल्या मुलांच्या शाळेचे, वाचनालयाचे किंवा सोसायटीचे मराठी पान संगणकावर उघडावे, कंट्रोल आणि यू दाबावे आणि अगदी वरच्या ओळींत ‘लँग’पुढे काय लिहिले आहे ते पाहावे. तिथे ‘एम-आर’ नसेल तर पान सांभाळणाऱ्याला तसे कळवावे. दुरुस्तीला एक मिनिट पुरते आणि पैसे लागत नाहीत.